बाहेरच्या कमानीची बंदूक: स्पॅनिश चकमकी चाप हाताने घडवतोय, मदत हवी आहे

कानसवाला (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

गेले चौदा महिने एका कामात आहे आणि सध्या पुरता अडलोय, म्हणून हा धागा. अठराव्या शतकातल्या स्पॅनिश चकमकीच्या बंदुकीची, म्हणजे एस्कोपेताची, प्रतिकृती घडवतोय. चाप (चकमक आपटून बार उडवणारी यंत्रणा), कुंदा (बंदुकीचा लाकडी भाग), पितळी साज, गज (दारू ठासायची सळई), सगळं हाताने. नळी मात्र दाबाची चाचणी झालेली विकत आणली. नळीवर हौस भागवायची नसते, तिथे चूक झाली तर हात आणि डोळे जातात.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. मी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला असतो. इथून पाऊण तासावर सेंट ऑगस्टीन, आणि तिथे खाडीच्या काठाला कास्तियो दे सान मार्कोस हा स्पॅनिश किल्ला. १६७२ साली काम सुरू झालं, १६९५ ला पुरं झालं. भिंती कोकिना नावाच्या दगडाच्या, म्हणजे शिंपल्यांचा चुरा घट्ट होऊन झालेला दगड. त्यावर तोफेचा गोळा आदळला तर भिंत तडकत नाही, गोळा आत रुतून बसतो. १७४० मध्ये जॉर्जियाच्या ओगलथॉर्पने वेढा घातला आणि शेवटी हात हलवत परत गेला.

सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक जुन्या स्पॅनिश पोशाखात तिथे कवायत करून दाखवतात. आईबाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. कवायत संपल्यावर एका वयस्कर स्वयंसेवकाने बंदूक जवळून दाखवली. इंग्रजी-फ्रेंच चकमकीच्या बंदुका मी पाहिल्या होत्या. त्यांचा चाप बाहेरून सपाट, गुळगुळीत, सगळी यंत्रणा लाकडाच्या पोटात. इथे मात्र मुख्य कमान, म्हणजे स्प्रिंग, बाहेर! अंगठ्याएवढी जाड, इंग्रजी व्ही आडवा ठेवल्यासारखी, चापाच्या पट्टीवर उघडी. मी मेकॅनिकल इंजिनिअर. पाहताक्षणी वाटलं, हे जुनाट काम आहे, आत बसवायची अक्कल यायच्या आधीचं. घरी येऊन वाचायला लागलो तर कळलं की स्पेनने हा चाप दोनशे वर्षांहून जास्त काळ वापरला, शेजारी फ्रान्समध्ये आतल्या कमानीचा चाप उपलब्ध असताना. असं कोणी उगाच करत नाही. का केलं हे वाचून समजेना, म्हणून करून बघायला घेतलं.

चाप कसा चालतो ते थोडक्यात. स्पॅनिश लोक याला 'यावे दे पातिया' म्हणतात. चकमक धरणारा घोडा म्हणजे 'पिए दे गातो', मांजराचा पाय. (मिकेलेट हे नाव इंग्रजांनी नंतर लावलं, कॅटलोनियातल्या मिकेलेट नावाच्या शिबंदीवरून.) घोड्याला खाली पावलासारखे दोन भाग असतात, पुढे चवडा आणि मागे टाच. बाहेरची कमान टाचेला खालून वर रेटत असते. चापाच्या पट्टीतून दोन खुंट्या आडव्या बाहेर येतात आणि चवडा त्यांच्यावर टेकतो: एक अर्ध्या चापासाठी (घोडा अर्धा ओढून सुरक्षित), एक पूर्ण चापासाठी (बार उडवायला तयार). खटका ओढला की खुंट्या आत जातात, चवडा मोकळा होतो, टाच उसळते आणि घोडा पुढे झेपावतो. समोर 'रास्त्रियो' उभा असतो, म्हणजे पोलादाची ताटली आणि रंजकदानीचं (रंजक म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू, तिच्या वाटीचं) झाकण दोन्ही एकाच तुकड्यात, काटकोनात. चकमक ताटलीला खरवडत खाली येते, झाकण उघडतं, ठिणग्या रंजकेत. ठिणगी दगडाची नसते बरं का, खरवडून निघालेला पोलादाचा कीस पेटलेला असतो. म्हणून ताटली कडक हवी.

आता अडचण. घोडा झाला, खुंट्या झाल्या, रास्त्रियो झाला. मुख्य कमान होत नाही. १०७५ (जास्त कार्बनच्या) पोलादाच्या पट्टीतून तीन केल्या. पहिली तेलात विझवली आणि बसवताना मोडली. दुसरी बसली, चार वेळा घोडा ओढला, पाचव्या वेळी वाकाजवळ टक्कन तुटली. तिसरी रात्रभर चापावर ताणून ठेवली होती, पहाटे गॅरेजमधून आवाज आला. प्रत्येक कमानीमागे दोन-दोन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्यात. पाणी द्यायचं काम, म्हणजे लाल तापवून विझवून कडक करायचं, घरासमोर मोकळ्यावर करतो, गॅसच्या बर्नरवर. कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

एक महत्त्वाचं. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याप्रमाणे काळ्या दारूच्या, नळीच्या तोंडातून भरायच्या अशा प्रतिकृती बंदुकीच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून मी हे करू शकतो, आणि तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली विनापरवाना बंदूकच काय, तिचे सुटे भाग करणंही गुन्हा आहे. तिकडे कोणी हे वाचून करायला घेऊ नका.

मेघना_२१ (शनिवार, रात्री १०.१५)

वाचतेय. विषय पूर्णपणे नवीन आहे माझ्यासाठी. मांजराचा पाय हे नाव किती नेमकं! झडप घालतो म्हणून असेल ना? कुंद्याबद्दलही लिहा, मी लाकडात थोडंफार काम करते.

रानवाटा (रविवार, सकाळी ७.०५)

आमच्या राजापूरकडच्या घरी आजोबांची ठासणीची होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. डुकरं आणि माकडं यांच्यासाठी. तिला चकमक नव्हती, टोपी बसवायची. पावसात आजोबा चापावर मेणकापड गुंडाळत आणि वर सुंभ बांधत. तुमच्या बंदुकीत रंजकदानी उघडी असते, तर पावसात काय करत असतील?

कानसवाला (रविवार, सकाळी ८.३०)

मेघनाताई, घोड्याचा पुढचा आकार पाहिला की पंजाच आठवतो. कुंद्याबद्दल सवडीने लिहितो.

रानवाटा, रंजकदानी उघडी नसते, रास्त्रियोचं आडवं पान तिच्यावर घट्ट बसतं. दोघांमधून कागद सरकू नये इतकं घट्ट बसवायला मला आठ दिवस लागले. जोराच्या पावसात मात्र चकमकीचा भरवसा कोणालाच नव्हता. तिथेही चापावर कातडं बांधायचे. तुमच्या आजोबांचीच रीत.

ठिणगी (रविवार, दुपारी १.२०)

कानसवाला, मी कराडजवळचा. घरात तीन पिढ्या भाता. मी स्वतः आता सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) असतो, पण वडील आणि चुलते अजून कोयते, विळे, पहारी करतात. तुमचा धागा चुलत्यांना वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "मोडलेल्या तुकड्याचं तोंड कसं दिसतंय?" ते बघून सांगा. साखरेसारखं चमचमत असेल तर पोलाद जास्त तापलं. बारीक, मळकट राखाडी दिसत असेल तर चूक दुसरीकडे आहे.

पण ते म्हणाले, न बघताही सांगतो, हा माणूस उन्हात काम करतोय. उन्हात लाल रंग दिसतच नाही. लालसर दिसायला लागेपर्यंत आत केशरी झालेलं असतं आणि केशरी झालं की ते पोलाद वाया गेलं. आमचा भाता भर दुपारीसुद्धा अंधाऱ्या पडवीत असतो तो याचसाठी. रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा हवा, पिकलेल्या डाळिंबाच्या. त्याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही.

बाकीचं:

कानशीचे ओरखडे कमानीच्या लांबीला समांतर हवेत. आडवा एक ओरखडा राहिला तरी तिथूनच तडा जातो. शेवटी पॉलिश पेपर लांबीने ओढा, वाकाच्या आतल्या बाजूलासुद्धा.

वाक लाल असतानाच घाला आणि आतून गोल ठेवा. टोकदार कोपरा नको.

कोयत्याला पाणी, कमानीला तेल. तेल कोमट करून घ्या.

तेलातून काढल्यावर कमान काचेसारखी असते, तिला हातही लावू नका. आधी तिचं पाणी उतरवा, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवा. चुलते ट्रॅक्टरच्या एका जुन्या पार्टची कमान करताना लोखंडी पळीत तेल घालून ती बुडवतात आणि तेल पेटवून आपोआप विझू देतात. असं दोन-तीनदा. हे मात्र मोकळ्यावर करा, आणि झाकण जवळ ठेवा.

कानसवाला (रविवार, रात्री ११.००)

ठिणगी, तीनही तुकडे भिंगाखाली घेतले. साखर. अगदी साखर. तुमच्या चुलत्यांनी कराडहून न बघता ओळखलं, मी इथे बसून वर्षभर ओळखू शकलो नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि आडवे ओरखडेही आहेत, दुसरी कमान बरोबर त्यांवरच तुटली आहे.

शिलेदार (सोमवार, दुपारी १२.१०)

उत्तम धागा. थोडी इतिहासाची भर.

या चापाचा प्रसार फार मोठा. उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान, कॉकेशस, सगळीकडे याचे भाऊबंद सापडतात. इटलीतल्या प्रकारात उलटं असतं: कमान पुढे असते आणि चवड्याला खाली दाबते.

आपल्याकडे मराठी फौजेत तोड्याची बंदूक फार काळ टिकली. पेटता तोडा रंजकेला टेकवायचा, कमानींचं जंजाळ नाही, गावचा लोहार दुरुस्त करू शकतो. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांकडे चकमकीच्या बंदुका होत्या, आणि पुढे महादजी शिंद्यांच्या कंपूंसाठी सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली आग्र्याला बंदुका तयार होत. पण त्या सगळ्या इंग्रजी-फ्रेंच वळणाच्या. स्पॅनिश चाप आपल्याकडे आल्याचं माझ्या वाचनात नाही.

माझा प्रश्न: माद्रिदच्या नळ्या घोड्याच्या नालांच्या खिळ्यांपासून करत असं वाचलं होतं. खरं का?

दर्यावर्दी (सोमवार, सायंकाळी ६.४५)

गोव्याहून लिहितोय. शिलेदार म्हणतात ते स्पॅनिश चापाबद्दल खरं, पण शेजारच्या पोर्तुगिजांचे चाप याच इबेरियन घराण्यातले होते आणि ते आशियात आले. श्रीलंकेच्या जुन्या बंदुका पाहा, त्यांच्यावर या वळणाचे चाप दिसतात, आणि गंमत म्हणजे कुंद्याच्या डाव्या बाजूला. १५४३ साली पोर्तुगीज बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचली, तीही गोवा-मलाक्का या वाटेवरच्या तोडेदार प्रकारातली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. चकमकीचा विषय नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कानसवाला (मंगळवार, रात्री १०.३०)

शिलेदार, खिळ्यांची गोष्ट खरी आहे आणि मला सगळ्यांत आवडते ती हीच.

निकोलास बिस हा माद्रिदचा राजघराण्याचा बंदूक-कारागीर, आधी दुसऱ्या कार्लोसचा आणि मग पाचव्या फेलिपेचा, १७२६ ला वारला. झिजलेल्या नालांचे आणि खिळ्यांचे तुकडे जमवून नळी घडवायची रीत त्याच्या नावावर सांगतात. उत्तर स्पेनमधल्या बिस्केचं लोखंड मुळात मऊ आणि चिवट, त्यात ते पुन्हा पुन्हा तापवून, घडी घालून ठोकल्यामुळे मळी निघून जायची. नळी अखंड करत नसत. पाच-सहा छोट्या नळकांड्या करून त्या एकापुढे एक जोडत. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या लोखंडाचे तंतू नळीभोवती फिरलेले राहत आणि दाब आडवा आला तरी नळी फाटत नसे. नळी मागे अष्टकोनी, पुढे गोल, मध्ये कडं. मागच्या भागावर कारागिराचा सोन्याचा ठसा. या नळ्यांची कीर्ती इतकी की इंग्लंडात शौकीन लोक जुनी स्पॅनिश नळी मिळवून तिला नवा इंग्रजी कुंदा आणि चाप बसवून घेत. इसिद्रो सोलेर या माद्रिदच्याच कारागिराने १७९५ मध्ये आपल्या पेशातल्या जुन्या उस्तादांचा इतिहास छापला, त्यांच्या ठशांसकट. कारागिराने कारागिरांचा लिहिलेला इतिहास. आपल्याकडच्या बिदरी, पैठणी, कासार यांच्यात कोणी दोनशे वर्षांपूर्वी असं लिहून ठेवलं असतं तर, असं सारखं वाटत राहतं.

माद्रिदला चाप बदलायलाही लागले होते. १७०० ला फ्रेंच बूर्बाँ घराणं गादीवर आलं आणि दरबारी शिकारीच्या बंदुकांत 'आ ला मोदा' चाप आला: कमान फ्रेंच पद्धतीने आत. पण सरहद्दीवर, खेड्यात, कॅटलोनियातल्या रिपोयच्या आणि बास्क मुलखातल्या एइबारच्या कारखान्यांत पातिया चालूच राहिला. रिपोय तर १८३९ मध्ये कार्लिस्ट युद्धात (स्पेनच्या गादीच्या वारसावरून झालेल्या यादवीत) जाळून उद्ध्वस्त होईपर्यंत.

का, याचं माझ्यापुरतं उत्तर कुंदा कोरताना मिळालं. मेघनाताई, तुमचा प्रश्नही यातच येतो.

लाकूड अमेरिकन अक्रोड. चाप बसवायची रीत अशी: पट्टीच्या मागच्या बाजूला दिव्याची काजळी तेलात कालवून लावायची, पट्टी लाकडावर दाबून उचलायची, जिथे काळा डाग लागला तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. दीडशे-दोनशे वेळा. शेवटी सगळीकडे सारखा करडा ठसा उमटतो आणि पट्टी चकार शब्द न काढता आत बसते.

याच्या आधी मी सरावासाठी एक फ्रेंच वळणाचा तयार चाप बसवला होता. त्याला लाकडात खोल विहीर खणावी लागते, कारण कमान, तिचा आधार, आतलं चाक, सगळं पोटात. नेमकं कुंद्याच्या मनगटाच्या (हाताने धरायच्या बारीक भागाच्या) पुढे, जिथे नळीची खाच, खटक्याची खाच आणि गजाचं भोक आधीच एकत्र आलेलं असतं, तिथेच लाकूड पोखरलं जातं. पातियाला आत फक्त दोन खुंट्या आणि त्यांची एक चपटी कमान. माझी खाच जेमतेम बोटाच्या पेराएवढी खोल झाली. लाकूड शाबूत राहिलं. शिवाय घोडा आणि कमान यांच्या मध्ये आतलं चाक नाहीच, कमान थेट टाचेला भिडते. झिजायला एक सांधा कमी. आणि कमान मोडली तर बंदूक न उघडता डोळ्यासमोर दिसते, काढता येते, गावातला लोहार दुसरी करून बसवतो.

सेंट ऑगस्टीनच्या उत्तरेला कोस-सव्वा कोसावर फोर्ट मोसे आहे. इंग्रजांच्या कॅरोलिनातून पळून आलेल्या आफ्रिकी गुलामांना स्पॅनिश गव्हर्नर मॉन्तियानोने १७३८ मध्ये तिथे मुक्त वस्ती दिली, धर्मांतर आणि शिबंदीतली चाकरी या अटीवर. कॅप्टन फ्रान्सिस्को मेनेंदेस, तोही आधीचा गुलाम. १७४० च्या जूनमध्ये ओगलथॉर्पच्या माणसांनी ते ठाणं घेतलं होतं, पहाटेच्या हल्ल्यात स्पॅनिश फौज आणि मोसेची ही माणसं यांनी मिळून परत जिंकलं. अशा ठिकाणी, दलदलीत, कारखान्यापासून समुद्रापार, बंदुकीला मोडण्यापेक्षा न दुरुस्त होण्याची भीती जास्त. दोष या चापात आहेत: कमान अंगरख्यात अडकते, खटका जड ओढावा लागतो, घोडा आदळला की नेम हलतो. पण ज्यांनी तो ठेवला त्यांना काय हवंय हे नीट ठाऊक होतं. माझ्या पहिल्या दिवसाच्या 'जुनाट' या शब्दाची मला आता लाज वाटते.

मेघना_२१ (बुधवार, सकाळी ९.००)

काजळीची रीत आमच्याकडे झोपाळ्याच्या कड्या बसवणारे सुतार वापरायचे, फक्त ते निळीची पूड घ्यायचे. शेवटचा हात कशाचा देणार? कृपया पॉलिश नको.

कानसवाला (बुधवार, सकाळी ९.२०)

नाही ताई, जवसाचं तेल. तळहाताने चोळून, दिवसाआड एक पातळ हात, महिनाभर.

कानसवाला (पुढच्या रविवारी, रात्री ११.५०)

चौथी कमान.

गॅरेजचं दार बंद, दिवे बंद, फक्त मागची खिडकी उघडी. पट्टी आधी कानशीने साडेतीन मिलिमीटरवरून टोकाला दोनपर्यंत उतरवली, सगळे ओरखडे लांबीने. वाक एका गोल सळईवर घातला. मग अंधारात तापवायला घेतलं. ठिणगी, मला वाटत होतं मी लाल रंग ओळखतो. नव्हतो ओळखत. आधी मातकट, जवळजवळ काळाच, मग वाकापासून दोन्ही पायांकडे रंग पसरत गेला आणि एका क्षणी पूर्ण कमान एकसारखी डाळिंबी झाली. लोहचुंबक जवळ नेलं, ओढलं नाही. कोमट तेलात सरळ, टोकाकडून. बाहेर काढली तेव्हा कानस तिच्यावरून घसरली, चरा उठला नाही.

मग अंगणात पळीत तेल पेटवून तीनदा पाणी उतरवलं. थंड झाल्यावर एका जागी घासून पाहिलं, मोरपिसाचा निळा.

बसवली. शेकंजात दाबून, हळूहळू. घोडा ओढला. अर्ध्या चापावर एक टक्, पूर्ण चापावर दुसरा टक्. पन्नास वेळा ओढून सोडला, चकमकीच्या जागी लाकडाचा तुकडा लावून. मग रात्रभर ताणून ठेवला. सकाळी उठल्याबरोबर चहाच्या आधी गॅरेजमध्ये गेलो. होती तशीच.

आज रात्री खरी चकमक लावली, कातड्याच्या तुकड्यात धरून. दारू नाही, रंजकदानी रिकामी, अंधार. बायको आणि मुलगी दारात उभ्या. खटका ओढला आणि रास्त्रियो मागे पडताना पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा झोत सरळ दानीत पडला, दोन-तीन ठिणग्या तळाशी क्षणभर जळत राहिल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, परत." सात वेळा केलं, सातही वेळा पडल्या. व्हिडिओ जोडतोय.

रानवाटा (सोमवार, सकाळी ६.५०)

अभिनंदन! दोनदा ऐकला तो टक्-टक्. आजोबांच्या ओसरीवर गेल्यासारखं झालं.

शिलेदार (सोमवार, सकाळी १०.०५)

+१. फार मनापासून केलेलं काम. तयार झाल्यावर पूर्ण बंदुकीचे फोटो नक्की टाका.

ठिणगी (सोमवार, रात्री ९.१५)

चुलत्यांना व्हिडिओ दाखवला. मोबाइल कानाला लावून ऐकला. म्हणाले, कमान चांगली उतरली आहे, पण घोडा वर येताना टाच तिच्यावर कोरडी घासत्ये, कुरकुर येतेय. कमानीचं टोक जरा गोलाईत पॉलिश करा आणि तिथे मेण-चरबीचं बोट फिरवा. नाहीतर सहा महिन्यांत तिथे चर पडेल.

कानसवाला (मंगळवार, रात्री १०.४०)

केलं. कुरकुर गेली. आता घोडा चढताना फक्त दोन टक् ऐकू येतात.